एका पलंगाची चार मिनिटं

१२ जानेवारी, सोमवार

चादरींचा पुरवठा करणाऱ्याने दरवर्षीसारखी डायरी दिली. दरवर्षी मी तिच्यात वाणसामान लिहिते आणि मार्चपर्यंत ती हरवते. यंदा मात्र नीट लिहायचं ठरवलंय, कारण तेवीस वर्षांत पहिल्यांदाच आमच्या हॉटेलात काहीतरी घडणार आहे. चौपन्नच्या चौपन्न खोल्या बदलणार. मालकांनी आज आम्हा सगळ्यांना जेवणघरात बोलावलं आणि सांगितलं की आपलं हॉटेल एका मोठ्या साखळीत सामील होतंय. पाटी त्यांची लागणार आणि नियमही त्यांचेच.

नियम घेऊन जो माणूस आलाय तो माझ्या भाच्याच्या वयाचा आहे. गळ्यात ओळखपत्र आणि हातात मापाची टेप. बोलता बोलता ती सर्रकन बाहेर ओढतो आणि खट्कन सोडून देतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोरींनी त्याचं नाव टेपसाहेब ठेवलंसुद्धा. मी त्यांना रागावले, आणि तासाभराने मालकांसमोर माझ्याच तोंडून 'टेपसाहेब' निघालं. मालक खो खो हसले. तो कानापर्यंत लाल झाला आणि स्वतःही हसला. मुलगा सरळ दिसतो.

खोल्या बघायला निघाला तेव्हा मालकांना म्हणाला, "हाउसकीपिंगच्या मॅडमना बरोबर घेऊ या. खोली खरी त्यांनाच माहीत असते." हे वाक्य ऐकायला मी तेवीस वर्षं थांबले होते. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आजच कामाला लागलेय.

१५ जानेवारी, गुरुवार

२०७ नंबरची खोली नमुन्याची म्हणून रिकामी केली. आमच्या खोल्यांत पहिल्यापासून तीन-तीन फुटांचे दोन पलंग आणि मध्ये एक टेबल. ते बाहेर गेल्यावर टेपसाहेबाने जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून नव्या पलंगाची चौकट आखली. सहा फूट रुंद. मला म्हणाला, "मॅडम, मला सांगा, दोन पलंगांचं लोक करतात काय?"

मग मी सांगितलं. एकटा माणूस आला की एका पलंगावर झोपतो आणि दुसऱ्यावर ओला टॉवेल, उघडी बॅग आणि कालचा शर्ट झोपवतो. जोडपं आलं की दोन्ही पलंग ओढून एक करतं, मध्ये फट पडते आणि सकाळी त्या फटीतला चष्मा मला काढून द्यावा लागतो. तो हसत हसत सगळं लिहून घेत होता.

तोही खूप सांगतो. मोठा पलंग एकट्याला ऐसपैस आणि दोघांना पुरेसा, म्हणून एकच खोली दोघांनाही देता येते. दोन चादरी धुण्यापेक्षा एक मोठी धुणं सोपं. लोक खोली फोटो बघून घेतात आणि फोटोत खोली म्हणजे पलंगच. म्हणूनच गादी जाड आणि उंच, दार उघडल्याबरोबर नजर तिच्यावर पडली पाहिजे. उशाची बाजू न्हाणीघराच्या भिंतीला नको, पाइप वाजतात. पलंगासमोर आरसा नको, झोपेतून उठलेला माणूस स्वतःलाच घाबरतो. दिव्याचं बटण झोपल्या झोपल्या हाताला लागलं पाहिजे. मी इतकी वर्षं या खोल्या पुसतेय, पण खोलीत इतका विचार असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, मायलेकी येतात, दोघी बहिणी येतात, म्हातारी नवरा-बायको तर मुद्दाम वेगळे पलंग मागतात. त्यांचं काय? त्याने विचारलं, असे किती? मी म्हटलं, दहात एक. "मग उरलेल्या नऊ जणांचा पलंग घालू या," तो म्हणाला. उत्तर मला आवडलं नाही, पण खोडून काढता आलं नाही.

पलंग ठेवायची भिंत नऊ फुटांची. त्यातले सहा पलंगाचे. दाराच्या बाजूला दोन फूट सुटले आणि खिडकीकडे एक. तो म्हणाला, "खिडकीकडे एकच फूट राहतोय मॅडम. आत शिरून चादर खोचायला पुरेल ना?" मी त्या फुटात आडवी शिरून दाखवलं. "पुरेल की," म्हटलं, "आपण काय तिथे संसार थाटायला जातोय?" सगळे हसले. त्याने कागदावर बरोबरची खूण केली.

१८ जानेवारी, रविवार

सुट्टी. धाकटीचे केस विंचरून दिले.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. दीर गेल्याला पाच वर्षं झाली. ती मागच्या खोलीत राहते, चूल एकच आहे. मीच तिला हॉटेलात लावलं. पुतणी दुसऱ्या गावी नर्सिंग शिकतेय, अजून दीड वर्ष आहे. तोवर धाकटीचं काम टिकलं पाहिजे, एवढीच आमच्या घराची चिंता आहे. बाकीच्या चिंता आम्ही करमणूक म्हणून करतो.

पण सहा महिन्यांपूर्वी पडद्याचा दांडा पुसताना ती स्टुलावरून पडली. तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि जड उचललं की डोळ्यांत पाणी येतं. हॉटेलात हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मी सुपरवायझर, माझ्या हाताखाली कामं जोडीने होतात, सहा जणींच्या तीन जोड्या, एका जोडीला एक मजला. मी धाकटीची जोडी पैलवानशी लावून टाकली. पैलवान म्हणजे आमची सगळ्यांत दांडगी पोरगी, एका हाताने गादी उचलते. ती उचलते, धाकटी खोचते. धाकटीचा हात इतका नीट आहे की बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. पैलवानला काय कळायचं ते कळलं असेल, पण ती बोलत नाही.

आज मी धाकटीला नव्या पलंगाचं वर्णन करून सांगत होते. तिने एकच विचारलं, "ताई, गादी केवढी जाड?" मी हाताने दाखवलं. ती माझ्या हातांमधल्या अंतराकडे बघत राहिली. तिलाही कौतुक वाटलं असावं.

२३ जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवस मी विसरणार नाही!

नवा पलंग २०७ मध्ये बसवला. टेपसाहेब म्हणाला, "मॅडम, एकदा तुम्ही एकटीने लावून दाखवाल का? कंपनीला कळायला हवं." मी धाकटीला पुढे पाठवलं. तिने गादीवरची जुनी चादर काढून ठेवली, अभ्रे उशांपाशी मांडले आणि नवी चादर तिच्या पद्धतीने घडी घालून पायथ्याशी ठेवली. तिच्या घडीची खुबी अशी की दोन टोकं धरून एक झटका दिला की चादर पलंगभर पसरते, बरोबर मधोमध. ही घडी मलाही तशी जमत नाही.

टेपसाहेबाने मोबाइल खिडकीत उभा करून ठेवला. "नेहमी करता तसंच करा," म्हणाला. आता नेहमीसारखं कसं होणार? दारात मालक, स्वागतकक्षातली दोघं आणि आमच्या सहाही जणी. माझ्या अंगातच आलं. एक झटका आणि चादर आडवी. चार कोपरे दुमडून गादीखाली सारले, दुलई टाकली, उशा थोपटून उभ्या केल्या आणि खिडकीकडच्या फटीतून अशी निघाले, जशी मांजर. वळून बघितलं तर तो मोबाइलकडे बघत होता. "चार मिनिटं दहा सेकंद," म्हणाला. टाळ्या पडल्या. त्याने विचारलं, पुन्हा एकदा कराल? मी म्हटलं, करते की! हरभऱ्याच्या झाडावर चढलेच होते, आणखी वरच्या फांदीवर गेले. धाकटीने पुन्हा सगळं काढून मांडून दिलं. दुसऱ्या वेळी बरोबर चार मिनिटं.

टेपसाहेब म्हणाला, "एवढ्या वर्षांत इतकं नेटकं काम बघितलं नाही." त्याची एवढी वर्षं म्हणजे असतील सहा-सात, पण तरी.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे किल्ल्या बनवतात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान आहे. कानस घासत घासत ऐकत होते. मग म्हणाले, "वेळ कशाला मोजत होता तो?"

"कौतुकाने," मी म्हटलं.

हे पुन्हा किल्ली घासायला लागले. ह्यांना माझं कुणी कौतुक केलं की असंच होतं.

२४ जानेवारी, शनिवार

कंबर धरलीय. कुणाला सांगणार नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नव्या वेळापत्रकाचा कागद आला. पलंगाला पाच मिनिटं. न्हाणीघर, झाडू, पुसणं सगळं धरून एका खोलीला तीस. सात तासांत चौदा खोल्या. मी वाचून मालकांना म्हटलं, छान आहे, चौदा खोल्या जोडीने आरामात होतील, आत्ताच अठरा करतात. मालक म्हणाले, "बाई, जोडीने नाही. एकटीने."

मी कागद पुन्हा वाचला. खाली लिहिलं होतं: खोल्या चौपन्न, कामगार चार.

मला सोडून सहा जणी आहेत. त्यातल्या म्हाताऱ्या मावशी तर महिनाअखेर जाणारच आहेत, गुडघे गेलेत त्यांचे, मुलाकडे राहायला जायचंय. म्हणजे पाच उरतात. पाचातून चार. मी ही वजाबाकी तीनदा केली. मग मालकांना विचारलं, चार कशा निवडणार? "तुम्ही नका काळजी करू," मालक म्हणाले, "दार उघडायच्या कार्डावर कोण किती वेळ आत होतं ते नोंदलं जातं, महिनाभर तेच बघायचं. जी सगळ्यांत मागे राहील ती."

घरी येताना बसमध्ये धाकटी शेजारी बसली होती. तिला म्हटलं, काही नाही गं, कागदच आहे. ती म्हणाली, "पाच मिनिटं तुमच्यावरून घेतलीत ना, ताई?" आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज टेपसाहेबाला गाठलं. म्हटलं, ती चार मिनिटं माझी एकटीची नव्हतीच. जुनी चादर दुसरीने काढली होती. घडी दुसरीची होती. मी फक्त झटका दिला. शिवाय सकाळची वेळ, पोट भरलेलं आणि पहिलाच पलंग. चौदावा पलंग लावताना मोजायला हवं होतंत.

त्याने नीट ऐकून घेतलं. तो ऐकतो हो नीट, हीच तर पंचाईत आहे. म्हणाला, "मॅडम, म्हणून तर मी चारची पाच धरली."

"आणि मी करून दाखवलंच नसतं तर?"

"तर पुस्तकातला आकडा घेतला असता. पलंगाला नऊ मिनिटं."

"मग किती जणी लागल्या असत्या?"

त्याने तिथेच हिशेब केला. एका खोलीला चौतीस मिनिटं, दिवसाला बारा खोल्या. "साडेचार. म्हणजे पाच."

पाच. मावशी गेल्यावर पाचच उरतात. कुणालाही काढावं लागलं नसतं. मी ट्रॉलीवरच्या चादरी उगाच पुन्हा मोजायला लागले. तो म्हणाला, आकडे कंपनीकडे गेलेत आणि मंजूरही झालेत, आता त्याच्या हातात नाही. घडीचं म्हणाल तर यापुढे चादरी बाहेरच्या लॉन्ड्रीतून यंत्राने घडी घालून येतील. मग मला पाणी आणून दिलं. वाईट माणूस असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. त्याच्या हातातलं पाणी पिऊन काय सुनावणार?

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्या मजल्यावर नवे पलंग आले आणि जोड्या मोडल्या. धाकटीला १०१ पासून दिलं.

मी कॉरिडॉरमध्ये मुद्दाम दिवे तपासत उभी होते. दार उघडंच होतं. खिडकीकडच्या त्या एक फुटाच्या फटीत ती शिरली होती. तिथे वाकायला जागा नाही, त्यामुळे गादी कमरेच्या जोराने उचलताच येत नाही. सगळा भार खांद्यावर येतो. मी त्या फटीत शिरून दाखवलं होतं, पण तिथे उभं राहून गादी उचलून बघितली नव्हती. माझा हात लांब आहे, मी पलीकडून पोचते. हे मला त्या दिवशी सुचलंही नाही.

तिने डाव्या हाताने गादी उचलली, ती गुडघ्यावर तोलली आणि उजव्याने चादर सारली. कोपरा मात्र असा घातला की पट्टी लावून बघावा. मग दुसरा. मग भिंतीला डोकं टेकून थोडं थांबली. मी दिवे तपासत पुढे गेले.

दिवसभरात आठ खोल्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

या आठवड्यात रोज धाकटीच्या तीन-चार खोल्यांचे पलंग मीच लावले. आपल्या कार्डाने दार उघडायचं, झटपट पलंग लावायचा आणि बाहेर पडायचं. वाटलं, कुणाला काय कळतंय. आज मालकांनी छापलेली यादीच पुढे ठेवली. १०४: सुपरवायझर, अकरा मिनिटं आत. १०६: सुपरवायझर, बारा. "तुम्ही सुपरवायझर आहात बाई, पलंग लावायला नाही ठेवलंय तुम्हाला. आणि एकाच बाईच्या खोल्यांत का?"

ती माझी जाऊ आहे हे त्यांना माहीत आहे. खांद्याचं माहीत नाही. सांगितलं तर आजच जाईल, नाही सांगितलं तर महिनाअखेरीला. मी म्हटलं, काम नीट होतंय का बघत होते.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "माझी कुलपं बरी. कोण आलं, कोण गेलं, पोटात ठेवतात."

आणखी एक. अकरा मिनिटं! मी फक्त पलंग लावला होता. पाच माझ्याच्याने कुठे होतायत?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सुचलं म्हणून धावत टेपसाहेबाकडे गेले. पलंग दाराकडे अर्धा फूट सरकवा, म्हणजे खिडकीकडे दीड फूट होईल आणि बाईला वाकता येईल. तो लगेच २०७ मध्ये आला आणि टेप काढली. अर्धा फूट सरकवला तर दिव्याचं बटण उशामागे जातं. न्हाणीघराचं दार पलंगाच्या कडेला घासतं. आणि दारातून फोटो काढला तर पलंग वाकडा दिसतो. "पलंग साडेपाच फुटांचा घेतला असता तर झालं असतं," तो म्हणाला. मग हळूच, "मी तुम्हाला विचारलं होतं मॅडम, पुरेल का म्हणून."

विचारलं होतं. मला तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं होतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

यादी लागायला पाच दिवस राहिले. पैलवान चौदा, दुसऱ्या दोघी तेरा-तेरा, तिसरी बारा. धाकटी नऊ. नऊसुद्धा कशा करते ते माझं मला माहीत. घरी आली की ताटही डाव्या हाताने ओढते.

आज मालकांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. म्हटलं, साहेब, मला काढा. माझी तेवीस वर्षं झाली, हे कमावतात, आमचं दोघांचं भागेल. माझ्या जागी तिला ठेवा.

मालकांनी चष्मा काढला. चांगले आहेत ते, वडिलांच्या वेळेपासून मी त्यांना बघतेय. म्हणाले, "बाई, तुम्ही त्या चारांत नाहीच. सुपरवायझरचा कागद वेगळा. तुम्ही गेलात तरी तिथे चारच राहणार, आणि तुमच्या जागी ते त्यांचा माणूस पाठवणार. मग पोरींना कोण बघेल?"

म्हणजे मी जीव दिला तरी तो दुसऱ्याच खात्यात जमा होणार. उठून बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये धाकटी ट्रॉली ढकलत होती. कामावर मला मॅडम म्हणायचा नियम आहे. "मॅडम, डोळ्यांत काय गेलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, फिनेल.

२८ फेब्रुवारी, शनिवार

यादी लागली. धाकटीचं नाव नाही.

मावशी आणि ती, दोघींना मालकांनी एकत्रच निरोप दिला. मावशी म्हणाल्या, मी म्हातारी म्हणून चालले, तू कशाने गं? धाकटी म्हणाली, मी हळू आहे. मावशींना ते पटलं नाही. त्या सरळ टेपसाहेबासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाळा, तुझ्या घरी गादी कोण उचलतं?" त्याने हातातली टेप खिशात घातली.

कंपनीचा एक छापील अनुभवपत्राचा कागद असतो. मालक मला म्हणाले, तिचा तुम्हीच भरा, मी खाली शिक्का मारतो. नाव, वर्षं, स्वभाव. 'कामाची प्रत' या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं, 'नीटनेटकेपणा' पुढे 'अत्युत्तम'. शेवटचा रकाना होता: एकटीने दिवसाला किती खोल्या.

पेन थांबलं. नऊ लिहिलं तर तिला कुणीही दारात उभं करणार नाही. आजकाल सगळीकडे हाच आकडा आधी बघतात. मी चौदा लिहिलं. खाली माझी सही केली, हुद्द्यासकट.

महिन्याभरात पहिल्यांदाच तिच्यासाठी काहीतरी करता आलं. कागद पाकिटात घालून तिला दिला आणि म्हटलं, हा दाखव, कुठेही घेतील. ती ते न उघडताच पर्समध्ये ठेवून म्हणाली, "तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर बघायचं काय त्यात."

४ मार्च, बुधवार

पुतणीचा फोन आला होता. धाकटीने तिला सांगितलं की सुट्टी घेतलीय. मग फोन माझ्याकडे दिला. पुतणी म्हणाली, "काकू, आई खरंच सुट्टीवर आहे ना?" मी म्हटलं, हो गं, कधी नव्हे ती घेतलीय, घेऊ दे. तिला खोटं सांगताना इतकं सहज कसं जमलं देव जाणे. तिच्या वॉर्डमधल्या पलंगांना चाकं आहेत आणि दांडा फिरवला की ते वर-खाली होतात, असं ती सांगत होती. "वाकावंच लागत नाही, काकू."

१३ मार्च, शुक्रवार

धाकटीला काम मिळालं! स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलात, सोमवारपासून. मी ऐकल्याबरोबर ह्यांच्या दुकानात धावत गेले आणि सांगून आले. हे म्हणाले, "पत्राने काम केलं म्हण." मी म्हटलं, मग! सही कुणाची होती?

परत आले तर धाकटी स्वयंपाकघरात बसून होती. चहा समोर तसाच होता. मी म्हटलं, अगं, तोंड गोड कर, अशी काय बसलीस?

ती म्हणाली, "ताई, तिथे बाकीच्या बायकांना अकरा खोल्या आहेत."

मला आनंदच झाला. म्हटलं, अकरा? मग तर बरंच झालं, अकरापर्यंत तू ओढूनताणून...

"मला चौदा दिल्यात. तिथल्या बाई पत्र वाचून म्हणाल्या, तुम्ही चौदा करता ना, मग तुम्हाला चौदाच देऊ. आणि त्या बाकीच्यांना हाक मारून म्हणाल्या, बघा, चौदा होतात."

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"नाही म्हणायचं होतंस गं!"

"कसं म्हणू? खाली तुमची सही होती." तिने समोरचा कप फिरवला. "त्या बायका माझ्याकडे बघत होत्या, ताई. पाच-सहा जणी असतील. एकीच्या मनगटाला पट्टा होता."

मी म्हटलं, उद्या मी स्वतः तिथे जाते, सांगते आकडा चुकला. ती म्हणाली, मग मला ठेवतील का? चहा गरम करून दोघींनी प्यायला.

१५ मार्च, रविवार

उद्या तिचा पहिला दिवस.

आज जेवणं झाल्यावर तिला आमच्या पलंगापाशी घेऊन गेले. म्हटलं, उजवा हात वापरायचाच नाही. गुडघा गादीखाली घालायचा, डाव्याने तोलायचं आणि चादर कोपरापर्यंत हात घालून सारायची. आमची गादी कापसाची, हलकी. तरी मी वर दोन गोधड्या टाकून ती जाड केली. पलंग भिंतीकडे ढकलला आणि मध्ये एक फूट सोडला. हे दारात येऊन बघत उभे राहिले.

तिने एकदा केलं. चादर काढली, पुन्हा केलं. तिसऱ्यांदा कपाळावर घाम आला, पण कोपरा तसाच, पट्टी लावून बघावा असा. चौथ्यांदा निघताना तिचा खांदा भिंतीला घासला आणि तिने ओठ दाबून धरले.

मी विचारलं, "जमतंय ना गं?"

ती म्हणाली, "जमतंय, ताई. फक्त तुम्ही घड्याळाकडे बघू नका."

मी घड्याळाकडेच बघत होते.